शब्दप्रभूची मुकी पहाट

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासाचे पुस्तक ज्याने एकदा तरी चाळले आहे, त्याला डॉ. सॅम्युअल जॉन्सन हे नाव नवीन नाही. इंग्रजीचा थोर शब्दकोश रचणारा, शेक्सपिअरच्या नाटकांचा संपादक, कवींची चरित्रे लिहिणारा आणि संभाषणात ज्याच्यापुढे सहसा कोणी टिकत नसे असा पंडित, एवढी ओळख परीक्षेपुरती आपण सारेच करून घेतो. मराठीशीही त्याचे जुने नाते आहे. ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्याच्यावर विस्तृत निबंध लिहिला. त्याची ‘रासेलस’ ही कथा कृष्णशास्त्र्यांनी मराठीत आणायला घेतली आणि ते काम त्यांच्या मुलाने, म्हणजे विष्णुशास्त्र्यांनी, पुरे केले. पण जॉन्सनच्या आयुष्यात एक पहाट अशी आहे की, आपल्या नोट्समध्ये तिच्याबद्दल एक ओळही नसते. ती १७ जून १७८३ ची पहाट. लंडनमधल्या सर्वांत बोलक्या माणसाची वाचा त्या पहाटे गेलेली होती.

त्या पहाटेची हकीकत सांगण्यापूर्वी हा माणूस कोण होता ते पाहिले पाहिजे. काय गेले हे कळल्याशिवाय काय उरले याची किंमत कळत नाही.

जॉन्सनचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडमधील लिचफिल्ड या गावी झाला. वडील मायकेल जॉन्सन पुस्तके विकत. घरात पुस्तके भरपूर आणि पैसा बेताचा, अशी स्थिती. मूल जन्मतःच अशक्त होते. लहानपणीच गंडमाळांच्या रोगाने त्याला पछाडले, मानेवर कायमचे व्रण राहिले आणि डाव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. राजाच्या हस्तस्पर्शाने हा रोग बरा होतो अशी तेव्हा समजूत होती. म्हणून १७१२ साली आईने त्याला लंडनला नेऊन अ‍ॅन राणीच्या हाताचा स्पर्श करवला. गुण काही आला नाही. मोठेपणी त्याचे अंग मधूनच झटके देई, तोंडाने चमत्कारिक आवाज निघत. अनोळखी माणसे त्याला पाहून प्रथम दचकत आणि मग तो बोलू लागला की थक्क होऊन ऐकत बसत.

१७२८ साली तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. बुद्धी तल्लख होती, पण खिसा रिकामा होता. बुटांतून पायांची बोटे बाहेर डोकावू लागली, तेव्हा कोणा दयाळू माणसाने रात्री त्याच्या दाराशी नव्या बुटांचा जोड ठेवला. जॉन्सनने तो संतापाने फेकून दिला. हा प्रसंग वाचताना आपल्यापैकी पुष्कळांना कॉलेजातला आपला पहिला महिना आठवेल. जेमतेम तेरा महिन्यांत पैशाअभावी त्याचे शिक्षण थांबले. ज्याला पुढे जग ‘डॉक्टर’ म्हणून ओळखणार होते, तो पदवी न घेताच घरी परतला.

१७३५ साली त्याने एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी विवाह केला. ती त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी होती. तिच्या पैशातून त्याने गावाजवळ शाळा काढली, पण तिला विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळाले. त्यांतला एक डेव्हिड गॅरिक. शाळा बुडाल्यावर १७३७ साली गुरुशिष्य दोघेही नशीब काढण्यासाठी लंडनला निघाले. शिष्य पुढे इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ नट झाला. गुरू मासिकात मजकूर पाडून, भाषांतरे करून, उपाशी-अर्धपोटी दिवस काढू लागला.

१७४६ साली लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी त्याच्याशी शब्दकोशाचा करार केला. मोबदला पंधराशे गिनी, मुदत तीन वर्षे. गॉफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिक घेऊन जॉन्सन कामाला बसला. तीन वर्षांची जवळजवळ नऊ झाली. १५ एप्रिल १७५५ रोजी दोन भले थोरले खंड बाहेर पडले. त्यांत सुमारे ४२,००० शब्द होते, आणि त्या शब्दांचा वापर दाखवण्यासाठी निरनिराळ्या ग्रंथांतून वेचलेली एक लाखाहून अधिक अवतरणे होती. प्रत्येक शब्दाला हातात घेऊन, त्याच्या अर्थाच्या छटा वेगळ्या करून त्याने त्या मांडल्या. इंग्रजी भाषेचे सारे कोठार या एका माणसाने जणू स्वतःच्या मस्तकात साठवले होते.

हे काम चालू असताना, १७५२ साली, त्याची पत्नी वारली. त्या दुःखात असतानाच त्याच्या घरी एक दहा वर्षांच्या आसपासचा काळा मुलगा राहायला आला. वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव तळटीपेत येते, पण आपल्या गोष्टीत त्याला मोठे स्थान आहे. त्याचे नाव फ्रान्सिस बार्बर. जमैका बेटावरच्या उसाच्या मळ्यात तो गुलाम म्हणून जन्मला, तेव्हा त्याचे नाव क्वाशी होते. कर्नल बाथर्स्ट नावाच्या मळेवाल्याने १७५० साली त्याला इंग्लंडला आणले आणि आपल्या मृत्युपत्रात त्याला स्वातंत्र्य आणि बारा पौंड दिले. कर्नलचा मुलगा जॉन्सनचा जिवलग मित्र. त्याच्यामार्फत फ्रान्सिस जॉन्सनकडे आला. जॉन्सनला गुलामगिरीचा मनापासून तिटकारा होता. त्याने या मुलाला घरात नोकर म्हणून ठेवले, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. फ्रान्सिस पंचविशीत असताना त्याने त्याला बिशप्स स्टॉर्टफर्ड या गावच्या शाळेत स्वतःच्या खर्चाने काही वर्षे शिकायला ठेवले. तिथे त्याला पत्रे पाठवून वाचनाची गोडी लागावी म्हणून प्रेमाने समजावले. कोशकाराने आपल्या नोकराची अक्षरांशी ओळख वाढवली. ती ओळख एके दिवशी कशी कामास येणार होती, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

शब्दकोशाने कीर्ती मिळाली. ऑक्सफर्डने एम.ए. ही पदवी दिली, पुढे डब्लिन आणि ऑक्सफर्डने डॉक्टरेटही दिली. १७६२ साली राजाकडून वर्षाला ३०० पौंडांचे वेतन सुरू झाले आणि पोटाची विवंचना संपली. १७६३ साली तरुण बॉस्वेल त्याला भेटला. १७६४ साली चित्रकार रेनॉल्ड्सच्या पुढाकाराने मित्रांचे मंडळ निघाले. बर्क, गोल्डस्मिथ यांसारखे लोक त्यात होते. त्या मंडळाचा प्राण म्हणजे जॉन्सनचे बोलणे. त्याने लिहिले पुष्कळ, पण तो जगला बोलण्यात. एकटेपणाची त्याला धास्ती वाटे, म्हणून रात्र सरेपर्यंत तो माणसांना उठू देत नसे.

या धास्तीचे कारण खोल होते. विशीतच त्याला खिन्नतेचा भयंकर झटका आला होता. आपल्याला वेड लागेल ही भीती तेव्हापासून त्याची पाठ सोडत नव्हती. शरीराचे हाल तो मुकाट्याने सोशी, पण बुद्धी जाईल या कल्पनेने त्याचा थरकाप होई. हे आपण ध्यानात ठेवू.

सत्तरी उलटल्यावर त्याच्याभोवतीची माणसे एकेक करून जाऊ लागली. ज्या थ्रेल कुटुंबात तो घरच्यासारखा वावरत होता, त्या घराचा कर्ता पुरुष मेंदूच्या आघाताने १७८१ साली वारला. घरात कित्येक वर्षे सोबत राहिलेला रॉबर्ट लेव्हेट हा गरिबांचा वैद्य १७८२ साली गेला. डॉ. लॉरेन्स हा त्याचा जुना स्नेही. त्याला अर्धांगवायू झाला आणि त्यात त्याची वाचाही गेली आणि हातही गेला. १७८३ च्या जूनमध्ये तोही वारला. याच जूनच्या १६ तारखेला जॉन्सन एका चित्रासाठी बैठक देऊन आला, बरेच अंतर चालला, संध्याकाळी त्याला हलके वाटले आणि पुढच्या बेतांचा विचार करीत तो फ्लीट स्ट्रीटजवळच्या बोल्ट कोर्टमधील आपल्या घरात झोपी गेला.

रात्री त्याला जाग आली. तो उठून बसला तोच डोक्यात गोंधळ उडाला, सारे अस्पष्ट झाले. हा प्रकार अर्धा मिनिट टिकला असावा. तो घाबरला. आयुष्यभराची भीती समोर उभी राहिली. त्याने देवाची करुणा भाकली की, शरीराला हवी ती शिक्षा कर, पण माझी बुद्धी शाबूत ठेव. आणि मग त्याने एक विलक्षण गोष्ट केली. बुद्धी खरोखर शाबूत आहे की नाही हे तपासण्यासाठी तीच प्रार्थना त्याने मनातल्या मनात लॅटिन पद्यात रचली. ओळी फारशा चांगल्या साधल्या नाहीत. पण त्या चांगल्या साधल्या नाहीत हे त्याला कळले, आणि त्यातच त्याला उत्तर मिळाले. ज्याला स्वतःच्या कवितेतला दोष दिसतो, त्याची बुद्धी गेलेली नाही!

थोड्याच वेळात त्याच्या लक्षात आले की, आपल्याला अर्धांगवायूचा झटका आला आहे आणि तोंडातून शब्द निघत नाही. वेदना मुळीच नव्हत्या. मद्याने जीभ सैल होते म्हणतात, म्हणून त्याने दोन घोट मद्य घेऊन पाहिले. अंग जोराने हलवून पाहिले. व्यर्थ. मग तो पुन्हा आडवा झाला आणि आश्चर्य म्हणजे त्याला झोपही लागली.

उजाडल्यावर पुढे काय करायचे हा प्रश्न आला. जीभ गेली होती, पण हात होता. डॉ. लॉरेन्सला एवढेही मिळाले नव्हते, हे आठवून त्याने देवाचे आभार मानले. त्याने कागद घेतला आणि पहिली चिठ्ठी लिहिली ती आपल्या नोकरासाठी. फ्रान्सिस नेहमीप्रमाणे बोलत बोलत खोलीत आला. मालकाने काही न बोलता त्याच्या हातात कागद दिला. समोर बसलेला माणूस आपल्याला कागद वाचायला का देतो आहे, हे त्याला क्षणभर उमगेचना. नेहमी बोलणारा माणूस बोलत नाही, ही गोष्ट जवळच्या माणसाच्याही एकदम ध्यानात येत नाही. मग त्याने तो कागद वाचला.

या प्रसंगापाशी मी वाचताना पुष्कळ वेळ थांबलो. जमैकाच्या मळ्यात गुलाम म्हणून जन्मलेल्या मुलाला वाचायला येत होते, म्हणून इंग्रजी भाषेचा सर्वांत मोठा पंडित त्या सकाळी मुका राहिला नाही. त्याने दिलेली विद्या त्याच्याच दारी परत आली होती.

दुसरी चिठ्ठी त्याने शेजारी राहणाऱ्या एडमंड अ‍ॅलन या मुद्रकाला पाठवली. काही प्रसंग आलाच तर विचारी, समंजस मित्र जवळ असावा हा हेतू. ती लिहिताना त्याला जाणवले की, आपला हात चुकीची अक्षरे काढतो आहे. का आणि कसे हे त्याला कळेना. बेचाळीस हजार शब्दांचा धनी आपलीच अक्षरे चुकत होता, आणि ती चुकताहेत हे त्याला दिसतही होते. मग त्याने आपला बालमित्र डॉ. टेलर याला लिहून डॉ. हेबर्डेन यांना घेऊन येण्यास सांगितले. शेजारचे डॉ. ब्रॉकल्सबी यांनाही निरोप गेला.

डॉक्टर आले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी पाठीवर आणि कानांपासून गळ्यापर्यंत त्वचेला फोड आणणारे लेप लावले. आज त्या उपायांना कोणी उपाय म्हणणार नाही. पण वाचा हळूहळू परत येऊ लागली. दोन दिवसांनी, १९ जूनला, त्याने बाथ येथे असलेल्या मिसेस थ्रेल यांना सविस्तर पत्र लिहून हा सारा प्रकार कळवला. आपण हे सर्व इतक्या बारकाईने जाणतो ते त्या पत्रामुळे. ख्रिस्ती लोकांची रोजची प्रार्थना आता आपण बऱ्यापैकी स्पष्ट म्हणू शकतो, असे त्याने त्यात कळवले. स्वतःचे नवे वाक्य जुळवण्याआधी लहानपणापासून म्हटलेली प्रार्थना ओठांवर परत आली होती.

जॉन्सनला जे झाले त्याला आज वैद्यकात अफेझिया म्हणतात. मराठीत वाचाघात हा शब्द रूढ आहे. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडला किंवा तिथे रक्तस्राव झाला की तो भाग काम करीनासा होतो. बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूचा डावा भाग करतो आणि तोच भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. म्हणून वाचा आणि उजवा हात ही दोन्ही पुष्कळदा एकदमच जातात. पॅरिसच्या पॉल ब्रोका याने १८६१ साली अशा एका रुग्णाचा अभ्यास मांडला, ज्याच्या तोंडून ‘टॅन’ या एका आवाजाखेरीज फारसे काही निघत नसे, पण दुसऱ्याचे बोलणे त्याला बरेच कळे. १८७४ साली जर्मनीच्या कार्ल वेर्निके याने दुसरा प्रकार दाखवला. त्यात माणूस भरभर बोलतो, पण शब्दांचा मेळ बसत नाही आणि ऐकलेलेही नीट उमगत नाही. जॉन्सनच्या आजारावर मॅक्डोनल्ड क्रिचली या मेंदूतज्ज्ञाने १९६२ साली खास लेख लिहिला. नुसती जीभ लुळी पडली असती तर हाताने अक्षरे चुकली नसती. भाषा जिथे घडते तिथेच इजा झाली होती, म्हणून जिभेबरोबर लेखणीही थोडी अडखळली. मेंदूचा आघात झालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना कमीअधिक वाचाघात होतो असे मानतात. म्हणजे हे दुःख एकट्या पंडिताचे नाही, आपल्या आळीतलेही आहे.

ते आमच्या घरातही होते. मी सातवीत असताना माझ्या आजीच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि पाय लुळा पडला. तोंडात ‘अगं बाई’ एवढे दोनच शब्द उरले. पाणी हवे असले तरी ‘अगं बाई’, राग आला तरी ‘अगं बाई’. तिला अक्षर ओळखीचे नव्हते, त्यामुळे जॉन्सनसारखी चिठ्ठीची सोय नव्हती. गावात सर्वांनी ठरवून टाकले की म्हातारीचे डोके गेले. भेटायला येणारी माणसे बहिऱ्याशी बोलावे तशी तिच्याशी ओरडून बोलत आणि मग तिच्याच उशाशी बसून तिच्या दिवसांना किती खर्च येईल याची हलक्या आवाजात चर्चा करीत. मीही तिथे बसून ऐकत असे. तिच्या डोळ्यांतून पाणी आले की आजारामुळे डोळे गळतात असे आम्हांला वाटे.

मग एकदा आत्या राहायला आली. रात्री आजीचे पाय चेपता चेपता, पूर्वी दोघी मायलेकी जात्यावर गात असत ती ओवी ती गुणगुणू लागली. दुसऱ्या ओळीला आजीचा आवाज तिच्यात मिसळला. शब्दांसकट! घरातली सारी माणसे उठून बसली. ज्या तोंडातून दोन शब्दांपलीकडे काही येत नव्हते, त्यातून ओवी शेवटपर्यंत आली. ती संपली आणि आजी पुन्हा ‘अगं बाई’ म्हणाली, पण हसून. कोणी त्याला देवीची कृपा म्हटले. कॉलेजच्या ग्रंथालयात जॉन्सनची हकीकत वाचली, तेव्हा त्या रात्रीचा उलगडा मला झाला. लंडनच्या पंडिताला प्रार्थना आधी आठवली, माझ्या आजीला ओवी. पाठ झालेले आणि सुरात बांधलेले शब्द मेंदूत वेगळ्या वाटेने येतात. हमरस्ता बंद झाला तरी ती पायवाट पुष्कळदा मोकळी राहते. अंक, वारांची नावे, शिव्या, नमस्कार, गाणी ही सारी त्या पायवाटेवरची मंडळी.

वाचा गेलेला माणूस बोलतो कशाने, याचे उत्तर मग सोपे होते. जे उरले असेल त्याने. कोणी बोटाने दाखवतो, कोणी डाव्या हाताने चित्र काढतो, कोणी पहिले अक्षर गिरवतो, कोणी एकाच शब्दाचा सूर बदलून दहा अर्थ सांगतो. माझी आजी ‘अगं बाई’ हे दोनच शब्द किती परींनी म्हणत असे! त्यांचा शब्दकोश करायला हवा होता, पण आमच्यापैकी कोणी तो मनावर घेतला नाही. आज या विषयातले जाणकार सांगतात की, अशा माणसाशी छोट्या वाक्यांत, एका वेळी एकच गोष्ट बोलावी. हो किंवा नाही एवढेच उत्तर लागेल असा प्रश्न विचारावा. वस्तू समोर धराव्यात. भोवतीचा गलका बंद करावा. त्याच्या तोंडचे वाक्य घाईने आपण पुरे करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थांबावे. शब्द शोधायला त्याला वेळ लागतो, तो वेळ आपण द्यायचा असतो. वाचोपचार देणारे तज्ज्ञही आता शहरांतून आहेत. आणखी एक गोष्ट आता ठाऊक झाली आहे. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले की एक क्षण न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध बहुधा पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आम्ही आजीला दुसऱ्या दिवशी नेले होते.

जॉन्सन सुदैवी ठरला. जुलैत तो प्रवास करून रोचेस्टरला मित्राकडे जाऊन आला. बोलणे परतले, तरी फार वेळ बोलले की वाणी थकत असे. सप्टेंबरमध्ये त्याच्या घरी आश्रयाला राहिलेल्या अंध कवयित्री अ‍ॅना विल्यम्स वारल्या आणि घर आणखी रिकामे झाले. तरी हार न मानता त्याने डिसेंबरमध्ये घराजवळच्या एका खाणावळीत गप्पांचे नवे मंडळ काढले. ज्याची वाचा सहा महिन्यांपूर्वी गेली होती त्याने पुन्हा बोलण्यासाठीच माणसे जमवली! दमा आणि जलोदर यांनी त्याला रात्र रात्र झोप येत नसे, तेव्हा तो पडल्या पडल्या ग्रीक कवितांची लॅटिनमध्ये भाषांतरे करी. अखेरच्या दिवसांत त्याने अफूची औषधे नाकारली. परमेश्वरासमोर जाताना बुद्धी झाकोळलेली नसावी अशी त्याची इच्छा होती. १३ डिसेंबर १७८४ रोजी त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याला मूठमाती देण्यात आली.

मृत्युपत्रात त्याने फ्रान्सिस बार्बरला वर्षाला ७० पौंड मिळावेत अशी तजवीज केली आणि उरलेल्या मिळकतीचा मोठा वाटाही त्याच्याच नावे ठेवला. काळ्या नोकराला एवढे द्यावे याबद्दल काही प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. फ्रान्सिस पत्नी-मुलांसह लिचफिल्डला, आपल्या मालकाच्या गावी, जाऊन राहिला. पुढे जवळच्या बर्नटवुड गावी त्याने लहानशी शाळाही चालवली. १८०१ साली तो वारला.

विद्वानांनी जॉन्सनची थोरवी त्याच्या कोशात शोधावी, त्याच्या निबंधांत शोधावी. मला ती त्या पहिल्या चिठ्ठीत दिसते. ती कोणीही जपून ठेवली नाही, तिच्यात कोणते शब्द होते हे आज सांगता येत नाही. पण त्या कागदाच्या एका टोकाला वाचा हरवलेला, पण बुद्धी शाबूत असलेला माणूस होता, आणि दुसऱ्या टोकाला बोलणे थांबवून वाचणारा माणूस होता. संवादाला एवढीच दोन माणसे लागतात. आमच्या घरात पहिले माणूस होते. दुसरे व्हायला आम्हांला उशीर झाला.

आमच्या घराण्यात वाचायला शिकून कॉलेजात आलेला मी पहिला. आजी आज असती तर तिला चिठ्ठी लिहिता आली नसती, हे खरे. पण तिच्या उशाशी बसून, बोलणे थांबवून तिचे दोन शब्द वाचायला मी नक्कीच शिकलो असतो.